मालिका-सिनेमे लिहिणाऱ्यांना एका शाळेतल्या बाईंचं खुलं पत्र: खिडकीपाशी बसलेली मुलगी पण दाखवा

मराठी मालिका, सिनेमे आणि वेब सिरीज लिहिणाऱ्या सगळ्या लेखक-दिग्दर्शकांना, आणि कुठला ट्रॅक वाढवायचा कुठला गुंडाळायचा हे ठरवणाऱ्या चॅनेलवाल्यांना,

नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते, 22 वर्षं झाली. पाचवी ते सातवी, मराठी आणि भूगोल. मला सिनेमातलं तांत्रिक काही कळत नाही, पण तुम्ही पडद्यावर जे दाखवता ते आमच्या वर्गात कसं येऊन पोचतं हे मी इतकी वर्षं बघतेय, त्यामुळे हे पत्र लिहायचा मला हक्क आहे असं मला वाटतं. विषय एडीएचडीचा आहे. म्हणजे लक्ष हवं तिथे, हवं तेव्हा लावता न येणं, हातातलं काम पुरं न होणं, काहींच्या बाबतीत सतत चुळबुळ आणि विचार करायच्या आधीच हात आणि तोंड चालणं. मेंदूच्या वाढीतला फरक आहे हा, लाडावून ठेवल्यामुळे होत नाही आणि धपाटे घालून जात पण नाही.

आधी चांगलं सांगते. 2007 च्या डिसेंबरमध्ये तारे जमीन पर आला तेव्हा आमची अख्खी स्टाफरूम बघायला गेली होती, त्यातली ती बोर्डिंगची शाळा आमच्याच पाचगणीला शूट झालेली म्हणून अजूनच कौतुक. परत येताना एसटीत कोणी फारसं बोललं नाही. आमच्यातल्या एक ज्येष्ठ बाई, ज्यांच्या छडीला पोरं टरकायची, त्या साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत रडत होत्या. आणि त्यानंतर शाळेत खरंच फरक पडला. अक्षरं नाचतात म्हणणारा तो पोरगा आम्ही पडद्यावर पाहिला होता ना, त्यामुळे पुढच्याच वर्षी सहावीत एक मुलगा जोडाक्षरं गाळायचा, वाचताना ओळ सोडून खालच्या ओळीवर जायचा, त्याला कोणी ढ म्हणालं नाही, त्याच्या वडलांना बोलावलं, पुण्याला तपासणीला पाठवलं, पुढे बोर्डाच्या सवलती मिळाल्या, दहावी झाला. एका सिनेमाने आम्हाला डिसलेक्सिया ओळखायची नजर दिली. कुठल्या ट्रेनिंगमधून नाही मिळाली, तिकीट काढून बघितलेल्या पावणेतीन तासांतून मिळाली. तुमच्या हातात केवढी ताकद आहे हे मला माहितीये म्हणून तर लिहितेय.

पण एडीएचडीची जी नजर पडद्याने आम्हाला दिली ती चुकीची निघाली, आणि त्याची किंमत माझ्या वर्गातल्या एका मुलीने भरली.

2009 ची गोष्ट. पाचवीचा वर्ग, साठ पोरं. ती खिडकीकडच्या रांगेत तिसऱ्या बेंचवर बसायची. तिचं नाव लिहीत नाही. अतिशय शांत मुलगी, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या वह्या मला अजून आठवतात. प्रत्येक वहीचं पहिलं पान बघत राहावं असं, तारीख लाल पेनाने, खाली पट्टीने आखलेली रेघ, अक्षर मोत्यासारखं. दुसरं पान बरं. चौथ्या पानावर अक्षर पळायला लागायचं आणि सहाव्या-सातव्या पानावर वाक्य मध्येच तुटलेलं, पुढे कोरं. सगळ्या विषयांच्या वह्या अशाच. डबा एका रंगाचा, झाकण दुसऱ्या रंगाचं, कारण मूळ झाकण कुठेतरी राहिलेलं. जूनमध्ये घेतलेली कंपासपेटी ऑगस्टपर्यंत रिकामी. गृहपाठ केलेला असायचा पण वही घरी. आणि हीच मुलगी दिवाळीच्या आधी शाळेच्या आकाशकंदिलाला बसली तर चार तास उठली नाही, पाणी प्यायला पण नाही. मग आम्ही काय म्हणणार, बघा, मनात आणलं की जमतं हिला.

मी तिच्या प्रगतिपुस्तकात शेरा लिहिला: "हुशार आहे, पण लक्ष देत नाही. मनापासून मेहनत घेतल्यास प्रगती होईल."

त्याच वर्गात एक मुलगा होता जो बेंचवरून उड्या मारायचा, तासाला दहा वेळा पाणी प्यायला जायचा, दुसऱ्याच्या वहीवर रेघोट्या मारायचा. त्याच्या आईला मी स्वतःहून म्हणाले की एकदा डॉक्टरांना दाखवा, हायपर वाटतो. कारण तोवर मी जे काही पाहिलं होतं, इंग्लिश सिनेमे, कार्टून, आपल्या मालिकांतलं ते खोडकर कार्टं, सगळीकडे तो मुलगाच होता आणि तो पळतच होता. खिडकीपाशी गप्प बसलेल्या मुलीला पण हेच असू शकतं हे मला कोणी दाखवलंच नव्हतं. मीही शोधायला गेले नाही, ती चूक माझी, ती मी मान्य करते.

ती मागच्या वर्षी मे महिन्यात मला भेटायला आली. आता 26 वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. 24 व्या वर्षी तिला एडीएचडीचं निदान झालं, दोन नोकऱ्या गेल्यावर आणि मधे एक खूप वाईट वर्ष गेल्यावर. डॉक्टरांनी लहानपणीचं काही आहे का विचारलं तर हिने आईकडून जुनी प्रगतिपुस्तकं मागवली आणि माझा शेरा त्या फाईलमध्ये पुरावा म्हणून लागला. तिने मला दाखवलं. रागावून नाही हो, मला वाटतं तिला फक्त सांगायचं होतं. मी म्हणाले, अगं मला वाटायचं तू खिडकीबाहेर बघत बसतेस. तर ती म्हणाली, "नाही बाई, मी तुमचंच ऐकत असायचे. तुम्ही म्हणालात कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, की मी तिकडे, त्या गोमुखापाशी, पाणी आत कुठून येत असेल, मग मी त्या पाण्याबरोबर वाईला आले, आणि परत वर्गात येईपर्यंत तुम्ही फळा पुसलेला असायचा." आणि म्हणाली, "तुम्ही म्हणायचात ना, दहा मिनिटं राहिली, लिहून घ्या. मला ती दहा मिनिटं कधी दिसायचीच नाहीत, एकदम घंटाच व्हायची."

हे दोन शॉट मला द्या ना तुम्ही. एका मुलीच्या डोळ्यासमोर नदी, आणि वळून बघते तर फळा पुसलेला. तुमच्याकडे कॅमेरा आहे, आवाज आहे, एडिटिंग आहे. मी वर्गात तोंडाने सांगून जे पालकांना पटवू शकत नाही ते तुम्ही अर्ध्या मिनिटात दाखवू शकता.

आता बाहेर काय दाखवलंय ते मी गेल्या वर्षभरात मुद्दाम बघितलं, भाचीच्या मोबाईलवर, रविवारी रविवारी. सिम्पसन्स या अमेरिकन कार्टूनमध्ये 1999 च्या एका भागात बार्ट नावाच्या खोडकर पोराला लक्ष लागायची गोळी देतात आणि तो भ्रमिष्टासारखा वागायला लागतो. डेस्परेट हाउसवाइव्ह्ज या अमेरिकन मालिकेत आई मुलांच्या गोळ्या स्वतःच खायला लागते. 2014 चा मॉमी म्हणून कॅनडाचा सिनेमा आहे, त्यातला मुलगा हिंसक आहे, आई हतबल आहे, सिनेमा म्हणून फार ताकदीचा, मी रडले, पण एडीएचडीचं एवढं एकच चित्र कोणी पाहिलं तर तो माणूस आपल्या मुलाला कधी डॉक्टरकडे नेणार नाही. अप नावाच्या कार्टून सिनेमातला तो कुत्रा, बोलता बोलता खार दिसली की मान वळवतो, लोक आता त्याचाच विनोद करून "मला पण एडीएचडी आहे" म्हणतात. कुत्रा गोड आहे, माझी तक्रार कुत्र्याबद्दल नाही. पण ज्याची दिवसातून चाळीस वेळा अशी मान वळते आणि प्रत्येक वेळी बोलणी बसतात त्याला हसू येत नाही.

आणि दुसऱ्या टोकाला पर्सी जॅक्सन, त्याच नावाच्या इंग्लिश पुस्तकांचा आणि सिरीजचा हिरो. त्याचं एडीएचडी म्हणजे युद्धात कामी येणारी चपळाई, तो देवाचा मुलगा. लेखकाने ती गोष्ट मुळात स्वतःच्या मुलासाठी रचली, ज्याला एडीएचडी आणि डिसलेक्सिया दोन्ही होतं, आणि एका बापाने पोराला दिलेली ती गोष्ट आहे म्हणून मला त्याबद्दल आदरच आहे. आमच्या सातवीतल्या एका पोराला ती सिरीज बघून फार बरं वाटलं होतं. फक्त ते बघून त्याचे वडील म्हणायला लागले की मग याची पॉवर काय आहे, कशात ठेवू, क्रिकेटला की बुद्धिबळाला. पोरगं साधं आहे हो. त्याला रोज वेळेवर बूट सापडले तरी त्याच्या घरात सण होईल.

तारे जमीन परच्या बाबतीत पण एवढी एकच गोष्ट मनात राहिली, की शेवटी तो मुलगा चित्रांच्या स्पर्धेत पहिला येतो. सिनेमाला तो शेवट शोभतो, मी काही नावं ठेवत नाही. पण त्यानंतर कितीतरी आई-बाप आमच्याकडे यायचे आणि पहिला प्रश्न, म्हणजे याच्यात काहीतरी टॅलेंट असेल ना? टॅलेंट नसलं तरी मूल सांभाळायचंच असतं, हे पण कुणीतरी दाखवायला हवं.

मला सगळ्यात जवळचं वाटलं ते एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स या इंग्लिश सिनेमात. त्यात एडीएचडी हा शब्दसुद्धा नाही. पण सुरुवातीलाच ती बाई, लाँड्री चालवते, टेबलावर टॅक्सच्या पावत्यांचा ढीग, नवरा काहीतरी सांगायला बघतोय, वडील हाक मारतायत, गिऱ्हाईक आलंय, मुलगी दारात उभी, आणि तिचं लक्ष सगळीकडे आहे आणि म्हणूनच कुठेच पुरेसं नाही. दोन दिग्दर्शकांपैकी डॅनियल क्वान, त्यांनी या पात्रासाठी एडीएचडीबद्दल वाचायला घेतलं आणि वाचता वाचता त्यांच्या लक्षात आलं की हे तर माझंच आहे, मग त्यांचं रीतसर निदान झालं. अभ्यास करून लिहिलं की असं होतं, लिहिणाऱ्यालाच स्वतःबद्दल काहीतरी कळून जातं.

आणि हे आपल्याकडे जमणार नाही असं कृपया म्हणू नका. आपल्याकडे सुमित्रा भावे होऊन गेल्या. त्यांनी आणि सुनील सुकथनकरांनी 2004 मध्ये देवराई केला, स्किझोफ्रेनियावर, त्यात आजारी भाऊ जितका खरा आहे तितकीच त्याला आपल्या घरात आणून सांभाळणारी, दमलेली बहीण खरी आहे. कासव केला, नैराश्यावर, त्याला सुवर्णकमळ मिळालं. त्या सिनेमांत डॉ. मोहन आगाशे होते, जे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. म्हणजे मराठीत हे घराणंच आहे. बजेट कमी, प्रेक्षक कमी, तरी केलं त्यांनी. मग रोज रात्री लाखो घरांत जाणाऱ्या मालिकेला हे का जमू नये, मला खरंच कळत नाही.

मालिकांचं मी जरा जास्तच बोलणार आहे, कारण आमच्या गावाकडे सिनेमापेक्षा मालिका बघतात. तुमची ती वेंधळी नायिका. पहिल्या भागात ती उशीर झाला म्हणून पळत सुटते, ओढणी अडकते, फाईल विसरते, हिरोला धडकते, कागद उडतात, मागे गोड म्युझिक. सगळ्यांना आवडते. लग्न झालं की तोच वेंधळेपणा एकदम गुन्हा होतो, दूध उतू गेलं, पूजेचं ताट विसरली, सासूबाई बोलतात, आणि मग साठ-सत्तर भागांनंतर ती अचानक नीटनेटकी, सगळ्यांचे वाढदिवस-पथ्यं-औषधं लक्षात ठेवणारी आदर्श सून होते. कशी झाली? प्रेमाने म्हणे. माझ्या ओळखीत अशा तीन बायका आहेत ज्यांना हे प्रेमाने जमलं नाही, खूप प्रयत्न करून पण जमलं नाही, आणि प्रत्येकीला वाटतं की आपलं घरावर प्रेम कमी पडतंय. गॅसवर पातेलं ठेवून विसरणारी बाई कशी रात्री अंथरुणात पडल्यावर दिवसभराचं सगळं आठवून स्वतःला कोसत असते, तो सीन तुम्ही कधी लिहिलाच नाहीत. वेंधळी नायिका तुमच्याकडे आधीपासून आहे, नवीन पात्र पण शोधायला नको, फक्त तिला एकदा खरंच विचारा की बाई गं, तुला नेमकं काय होतं.

आणि ते मोबाईलचं. कुठलंही मूल एका जागी बसेना की मालिकेतले आजोबा म्हणतात, मोबाईलमुळे झालंय सगळं, आमच्या वेळी नव्हतं. मोबाईल कमी करा हे मी पण सांगते, शंभर वेळा सांगते. पण 1902 साली लंडनमध्ये डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशाच मुलांबद्दल व्याख्यानं दिली होती, तेव्हा कुठला आला मोबाईल. आजोबांच्या वेळी पण होतं, तेव्हा त्या पोराला शाळेतून काढून गुरांमागे पाठवायचे, एवढंच. आणि जास्त वाईट हे की मोबाईल म्हटलं की दोष सरळ आईवर जातो. पालकसभेत मी बघते ना, वडील मागे हाताची घडी घालून उभे आणि आई खाली मान घालून बसलेली.

डॉक्टरांचा सीन लिहिणार असाल तर एवढं सांभाळा. एडीएचडी मेंदूच्या फोटोत दिसत नाही, रक्ताच्या रिपोर्टमध्ये येत नाही. त्यामुळे ते लाईटवर फिल्म धरून गंभीर चेहऱ्याने बघणं काढून टाका. खरं कसं असतं, तर डॉक्टर बसवून विचारतात, घरी कसं, शाळेत कसं, किती वर्षांपासून. एकाच जागी त्रास असून भागत नाही, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी तरी दिसायला लागतं, आणि 2013 पासून जे निकष वापरतात त्यानुसार लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. म्हणून तर शिक्षकांना फॉर्म भरायला देतात. त्या फॉर्मचा सीन करा की. बाई रात्री घरी बसून टिक करतायत, "कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा", आणि एकेका प्रश्नाला त्यांना त्या पोरीला आपण काय काय बोललो ते आठवतंय.

गोळ्यांचं पण. मिथाइलफेनिडेट नावाचं औषध 1950 च्या दशकापासून वापरात आहे, आपल्याकडे ते कडक नियमांत मिळतं, कुठल्याही मेडिकलमध्ये सहज मिळत नाही. भूक कमी होते, झोपेवर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना परत परत दाखवावं लागतं, सगळ्यांनाच गोळी लागते असंही नाही. पण पडद्यावर गोळी म्हटलं की पोरगं सुन्न, डोळे शून्यात. ते बघून एक आजी माझ्याशी भांडल्या होत्या, नातवाचा दगड करणार का तुम्ही म्हणून. त्या मुलाची पुढची दोन वर्षं तशीच गेली.

साधारण 100 मुलांमागे 5 जणांना एडीएचडी असतं असं डॉक्टरी पुस्तकं सांगतात. म्हणजे माझ्या साठच्या वर्गात तीन. लहानपणी मुलग्यांमध्ये मुलींच्या दुप्पट सापडतं, मोठेपणी तो फरक कमी होत जातो. कमी का होतो? एक कारण मला तरी समोर दिसतं, खिडकीपाशी बसलेल्या मुली तेव्हा कोणी मोजलेल्याच नसतात, त्या पंचवीस-तीसच्या झाल्या की स्वतःच स्वतःला शोधत डॉक्टरकडे जातात. 2024 मध्ये मल्याळम सिनेमातले नट फहाद फासिल यांनी सांगितलं की त्यांना 41 व्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, त्याच वर्षी आलिया भट पण स्वतःबद्दल बोलली. त्या बातम्यांनंतर आमच्या शाळेत दोन आया येऊन मला हळूच विचारून गेल्या, बाई हे मोठ्यांना पण असतं का हो. मुलांचं विचारायला नव्हत्या आल्या त्या. नुसत्या बातमीने एवढं झालं, तर रोज साडेआठला एखाद्या घरात असं एक पात्र वर्षभर राहिलं तर काय होईल विचार करा.

त्या पात्राला बरं करू नका, ते बरं होऊन संपणारं नसतंच बऱ्याच जणांचं. त्याला मदत मिळताना दाखवा, ती फार छोटी असते. आता मी काय करते सांगू? एका वेळी एकच सूचना देते. फळ्याच्या कोपऱ्यात घड्याळ काढून, तास संपायची वेळ रंगीत खडूने भरते, म्हणजे दहा मिनिटं डोळ्याला दिसतात. असं मूल पुढच्या बेंचवर आणि खिडकीपासून लांब. शाळा सुटताना दारात उभी राहून विचारते, डबा, बाटली, कंपास, वही, आणि पोरं दप्तर थोपटत हो बाई म्हणतात. वर्गात साठच्या साठ पोरं करतात ते, त्यामुळे कोणा एकाला वेगळं वाटत नाही. हे सगळं मी त्या भेटीनंतर सुरू केलं, पंधरा वर्षं उशिरा.

तुमच्यापैकी कोणालाही खरंच लिहायचं असेल तर आमच्या शाळेत या, मुख्याध्यापकांशी मी बोलते. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेसातला भरते. मागच्या बेंचवर बसा, पोरांना सांगू पाहुणे आलेत म्हणून. उड्या मारणारा तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत दिसेल. त्याच्याकडे बघून झालं तरी उठू नका, पूर्ण तास थांबा, आणि मी फळा पुसायला घेतला की खिडकीकडच्या रांगेत बघा.

आपली,
पाचवीच्या वर्गाची एक बाई, सातारा जिल्हा